उत्प्रेरकी परिवर्तक, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील अपायकारक घटकांचे रासायनिक विक्रियांनी निरुपद्रवी वा कमी अपायकारक पदार्थांत रूपांतर करणारे साधन. हे साधन एंजिन व ध्वनिशामक (सायलेन्सर) यांच्या दरम्यान निष्कास नळीत बसविलेले असते. त्यात हालणारा एकही भाग नसतो व त्याला बाहेरून ऊर्जा पुरवावी लागत नाही. स्वतः कायमचा बदल न पावता विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. या व्याख्येनुसार परिवर्तक गाडीच्या आयुष्यभर टिकावा, अशी अपेक्षा असते आणि अनुकूल परिस्थितीत तो पुष्कळ वर्षे टिकतोही. प्रत्यक्षात मात्र अनेक परिवर्तक त्यापूर्वीच निकामी होतात. त्याचे कारण बहुधा परिवर्तकात नसून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वायूंत असते आणि या वायूंचे संघटन व तापमान ही इंधन व एंजिनाची स्थिती यांवर अवलंबून असतात. म्हणून परिवर्तकाचा विचार या दोहोंना सोडून करता येत नाही.

इतिहास : लॉस अँजेल्स येथील डोळे चुरचुरविणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारगाड्यांच्या व तेल उद्योगाच्या वायूंवर होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या क्रियेत आहे, असे ए. जे. हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्याच सुमारास खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनाची पद्धत शोधणारे मूळचे फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी अमेरिकेत निष्कास वायूंसाठी उत्प्रेरकी साधन तयार केले आणि १९५६ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. बंदिस्त गोदामांत चालणाऱ्या मालउचल गाड्यांसाठी अशी साधने वापरली गेली, परंतु रस्त्यावरील मोटारगाड्यांत ती टिकू शकली नाहीत. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे आणि शिसे हे उत्प्रेरकाचे विष होते.

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमाने नव्या गाड्यांतील प्रदूषकांत सु. ९०% घट करण्याचे बंधन घातल्यावर या प्रश्नाला निकड आली. जुलै १९७४ पासून तेथील मोठ्या पेट्रोल पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले व १९७५ च्या नमुन्याच्या बहुतेक गाड्यांत परिवर्तक बसविण्यात आले. हे पहिले परिवर्तक केवळ ऑक्सिडीकरण करणारे होते. नायट्रोजनाच्या ऑक्साइडांवरही क्रिया करणारा त्रिमार्गी परिवर्तक व त्याला आवश्यक असा ऑक्सिजन संवेदक यांचा एकत्र वापर १९७७ च्या नमुन्याच्या व्होल्व्हो गाड्यांत प्रथम झाला. यानंतर हाच प्रकार पेट्रोल गाड्यांत सर्वत्र रूढ झाला.

रचना व कार्य : गंजरोधक पोलादाच्या कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक सच्छिद्र ठोकळा बसविलेला असतो. तो बहुधा कॉर्डिएराइट या मृत्तिका पदार्थाचा व क्वचित पातळ धातुपत्र्याचा असतो. ठोकळ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे समांतर बारीक मार्ग असून सामान्यतः त्यांची संख्या दर चौ. सेंमी. छेदास सु. ६० असते. मार्गांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप असतो. या लेपाच्या सूक्ष्म रंध्रांमुळे त्याचे पृष्ठफळ एका ग्रॅमला १०० चौ. मी.हून अधिक भरते. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण लेपावर विखुरलेले असतात. एका परिवर्तकातील या धातूंचे एकूण वजन काही ग्रॅमच असते. धातूचे कण जितके सूक्ष्म व विखुरलेले, तितके त्यांचे क्रियाशील पृष्ठ अधिक. परिवर्तक निकामी होण्याच्या बहुतेक प्रकारांत हे पृष्ठ कमी होते, झाकले जाते किंवा वायू त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

त्रिमार्गी परिवर्तकात तीन क्रिया एकाच वेळी घडतात : कार्बन मोनॉक्साइडाचे कार्बन डाय-ऑक्साइड होते, न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी होते आणि नायट्रोजनाच्या ऑक्साइडांतील ऑक्सिजन निघून नायट्रोजन वायू मोकळा होतो. पहिल्या दोन क्रियांना ऑक्सिजन हवा असतो, तर तिसरी क्रिया जास्तीचा ऑक्सिजन असल्यास होत नाही. ही परस्परविरोधी गरज एंजिनाला मिळणाऱ्या हवा व इंधन यांच्या प्रमाणाने भागविली जाते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या सु. १४·७ पट हवा लागते. मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ, म्हणजे सु. एक टक्का इकडे-तिकडे राहिले, तरच तिन्ही प्रदूषकांचे एकदम व कार्यक्षमपणे रूपांतर होते.

हे काटेकोर नियंत्रण ऑक्सिजन संवेदकामुळे शक्य होते. परिवर्तकाच्या अलीकडे बसविलेला झिर्कोनियाचा संवेदक मिश्रणात इंधन जास्त असल्यास सु. ०·९ व्होल्ट व हवा जास्त असल्यास सु. ०·१ व्होल्ट विद्युत् दाब देतो. त्यानुसार नियंत्रक संगणक इंधनाचे प्रमाण सतत कमी-अधिक करीत राहतो. मिश्रण त्यामुळे आवश्यक प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना किंचित हेलकावत असते. लेपातील सिरियम ऑक्साइड हवा जास्त असताना ऑक्सिजन साठविते व इंधन जास्त असताना तो सोडते आणि अशा रीतीने हे हेलकावे सावरते. परिवर्तक, संवेदक व इंधनपुरवठा ही तीन साधने मिळून एकच यंत्रणा होते. यांतील एक बिघडले की इतर दोहोंचे कार्य निष्फळ होते.

परिवर्तक थंड असताना काम करीत नाही. त्याचे तापमान सु. २५०° ते ३००° से. झाल्यावर विक्रिया वेग घेतात. त्याचे नेहमीचे कार्य सु. ४००° ते ८००° से. या मर्यादेत चालते. विक्रिया उष्णतादायी असल्याने वायूत जळण्याजोगा अंश जितका अधिक, तितका परिवर्तक अधिक तापतो. निष्कासातील १% कार्बन मोनॉक्साइडाचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाल्यास वायूचे तापमान सु. ९०° से.ने वाढते. एंजिनातील बिघाड परिवर्तकाला घातक का ठरतो, हे या एका आकड्यावरून समजते.

इंधनाचे परिणाम : इंधनातील जे घटक जळून वायुरूप होत नाहीत, किंवा ज्यांची ज्वलनजन्य संयुगे धातूच्या पृष्ठाला चिकटतात, ते सर्व परिवर्तकाला बाधक असतात. अशा बाधेला विषारण म्हणतात.

शिसे : टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा आघातविरोधी गुण शोधल्यावर पेट्रोलमध्ये ते मिसळण्याची प्रथा जगभर पसरली. एंजिनात शिसे साचू नये म्हणून त्याबरोबर ब्रोमीन व क्लोरीन यांची संयुगेही घालीत. त्यामुळे शिसे हॅलाइडांच्या रूपात निष्कासाबरोबर बाहेर पडे. एंजिनाची या रीतीने सुटका झाली, तरी परिवर्तकात हीच संयुगे मौल्यवान धातूंच्या कणांवर बसतात व लेपाची रंध्रे बुजवितात. हे विषारण व्यवहारतः अपरिवर्तनीय असते. शिशाने ऑक्सिजन संवेदकही निकामी होतो. अमेरिकेत १९७५ नंतरच्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद करून शिसेयुक्त पेट्रोलची रुंद तोटी त्यात जाणार नाही अशी योजना केली होती. तरीही शिसेयुक्त पेट्रोल स्वस्त असल्याने काही मालक हा अडथळा तोडून तेच भरीत आणि गाडी पूर्ववत चालत असल्यामुळे झालेली हानी त्यांच्या लक्षातही येत नसे. परिवर्तक मेला तरी एंजिन चालू राहते, ही या साधनाच्या बाबतीतील मोठी अडचण आहे.

पेट्रोलमधून शिसे काढण्याचे एक प्रमुख तात्कालिक कारण परिवर्तकाचे संरक्षण हे होते, परंतु त्याचा सर्वांत मोठा लाभ माणसांना झाला. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी पातळी सु. ३७ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले व ही घट पेट्रोलमधील शिशाच्या घटत्या वापराशी मिळतीजुळती होती. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम ध्यानात घेता या घटीचे महत्त्व स्वच्छ हवेइतकेच ठरते. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर १९९६ पासून पूर्ण बंदी आली. जगात अशा पेट्रोलची विक्री थांबविणारा अखेरचा देश अल्जीरिया हा असून तेथे ती जुलै २०२१ मध्ये बंद झाली.

गंधक : खनिज तेलात मुळातच असलेले गंधक ज्वलनानंतर सल्फर डाय-ऑक्साइडाच्या रूपात परिवर्तकात येते व धातूच्या पृष्ठावर, विशेषतः पॅलॅडियमवर, चिकटून त्याची क्रियाशीलता घटविते. सिरियम ऑक्साइडाची ऑक्सिजन साठविण्याची क्षमताही त्यामुळे कमी होते. शिशाप्रमाणे ही बाधा कायमची नसते. कमी गंधकाचे इंधन वापरल्यास व परिवर्तक पुरेसा तापल्यास ती बऱ्याच अंशी दूर होते. मिश्रणात इंधन जास्त झाले की साठलेले गंधक हायड्रोजन सल्फाइडाच्या रूपात बाहेर पडते. गाडीमागे कधी कधी येणारा कुजक्या अंड्यांसारखा वास याचाच असतो. हा वास वारंवार येणे हे इंधनातील गंधकाचे किंवा मिश्रणातील दोषाचे चिन्ह होय.

सिलिकॉन, मँगॅनीज व लोह : सिलिकॉनाची संयुगे जळून त्यांची वाळूसारखी सिलिका होते व ती संवेदकावर आणि परिवर्तकाच्या तोंडाशी काचेसारखा थर धरते. २००७ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या आग्नेय भागात विकल्या गेलेल्या पेट्रोलमध्ये सिलिकॉन मिसळले गेल्याने हजारो गाड्यांचे ऑक्सिजन संवेदक निकामी झाले. या प्रसंगाने अत्यल्प अशुद्धीचाही परिणाम किती होतो ते दाखविले. ऑक्टेन अंक वाढविण्यासाठी काही ठिकाणी वापरलेल्या मँगॅनीजयुक्त संयुगांचे ऑक्साइड परिवर्तकाच्या बारीक मार्गांत साचू शकते. लोहयुक्त संयुगांचे तांबूस निक्षेप स्पार्क प्लगवर बसून ठिणगीत व्यत्यय आणतात.

भेसळ : पेट्रोलमध्ये केरोसीन वा तत्सम स्वस्त द्रव मिसळल्यास दुहेरी हानी होते. केरोसीन पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते नीट बाष्परूप होत नाही व अर्धवट जळते. त्यामुळे काजळी व न जळलेली हायड्रोकार्बने परिवर्तकाकडे जातात. केरोसीनचा ऑक्टेन अंक कमी असल्याने एंजिनात आघात होतात, आणि त्यातील गंधकाचे प्रमाणही बहुधा जास्त असते. भारतात शिधावाटपाच्या केरोसीनला निळा रंग देण्यात येई तो अशी भेसळ ओळखता यावी म्हणूनच होय.

एथेनॉल : एथेनॉलाच्या वजनात सु. ३५% ऑक्सिजन असल्याने त्याच्या ज्वलनास वजनाच्या सु. ९ पटच हवा लागते. पेट्रोलमध्ये २०% एथेनॉल मिसळल्यास आवश्यक हवेचे प्रमाण १४·७ वरून सु. १३·५ पट इतके खाली येते. ऑक्सिजन संवेदक असलेल्या गाडीत नियंत्रक हा फरक ओळखून अधिक इंधन सोडतो, मात्र त्याच्या सुधारणेच्या मर्यादेत हा फरक बसला पाहिजे. संवेदक नसलेल्या जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत मिश्रण कायमचे क्षीण, म्हणजे इंधन कमी असलेले, होते. एथेनॉलामुळे कार्बन मोनॉक्साइड सामान्यतः घटते, तर ॲसिटाल्डिहाइड वाढते. एंजिन थंड असताना हे वाढलेले ॲसिटाल्डिहाइड परिवर्तकाकडून पुरेसे नष्ट होत नाही.

संपीडित नैसर्गिक वायू : मुंबई व दिल्ली येथील टॅक्सी व रिक्षांत रूढ झालेल्या या इंधनात मुख्यत्वे मिथेन असते. मिथेनाचा रेणू अत्यंत स्थिर असल्याने त्याच्या ऑक्सिडीकरणास इतर हायड्रोकार्बनांपेक्षा अधिक तापमान लागते. म्हणून अशा गाड्यांसाठी पॅलॅडियमचे प्रमाण जास्त असलेले उत्प्रेरक वापरतात.

एंजिनाच्या स्थितीचे परिणाम : निर्दोष इंधन वापरूनही एंजिन सुस्थितीत नसेल, तर परिवर्तक टिकत नाही. एंजिनातील दोष त्याला मुख्यतः तीन मार्गांनी बाधतात : मिश्रण बिघडवून, अति उष्णता निर्माण करून आणि परके पदार्थ निष्कासात मिसळून.

मिश्रणातील दोष : इंधन जास्त असलेल्या (समृद्ध) मिश्रणाने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने वाढतात आणि त्यांना जाळण्यास पुरेसा ऑक्सिजन उरत नाही. गळणारे इंधन-अंतःक्षेपक, सुस्त झालेला ऑक्सिजन संवेदक, तुंबलेला हवा-गाळक (मुख्यतः कार्ब्युरेटर गाड्यांत) आणि उघडाच राहिलेला तापस्थापक (थर्मोस्टॅट) ही त्याची सामान्य कारणे होत. तापस्थापक उघडा राहिल्यास शीतक कधीच पुरेसे गरम होत नाही व एंजिन थंड आहे असे समजून नियंत्रक अधिक इंधन सोडत राहतो. मिश्रण क्षीण झाल्यास नायट्रोजनाची ऑक्साइडे जशीच्या तशी बाहेर पडतात. संवेदकाच्या अलीकडे निष्कास नळीला बारीक चीर गेली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदक ती मिश्रणातीलच जास्तीची हवा समजतो आणि नियंत्रक विनाकारण इंधन वाढवितो. अशा वेळी दोष नळीच्या सांध्यात असतो आणि भुर्दंड परिवर्तकाला बसतो.

ठिणगी चुकणे : गॅरेजातील बोलीत ‘मिसिंग’ म्हणून ओळखला जाणारा हा दोष परिवर्तकाला सर्वांत जलद मारक आहे. झिजलेला स्पार्क प्लग, फुटलेली विद्युत् तार, बिघडलेले प्रज्वलन वेटोळे किंवा जळालेली झडप यांमुळे एखाद्या सिलिंडरात ज्वलन होत नाही. चार सिलिंडरांच्या एंजिनात एक सिलिंडर पूर्णपणे चुकू लागला, तर एकूण इंधनाचा चौथा भाग न जळता, त्याच्या ज्वलनास लागणाऱ्या हवेसह, परिवर्तकात जातो व तेथे जळतो. तापमान त्यामुळे १,०००° से.च्या वर जाऊ शकते. सु. ९००° से.च्या पुढे धातूचे सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होऊ लागतात व क्रियाशील पृष्ठ घटते. त्याहून अधिक तापमानाला ॲल्युमिनाची रंध्रमय रचना ढासळते. सु. १,४५०° से.ला खुद्द कॉर्डिएराइट वितळते. वितळलेल्या ठोकळ्याने नळी तुंबते, एंजिनावरील प्रतिदाब वाढतो व गाडी चढावर ओढेनाशी होते. कोणता सिलिंडर दुर्बळ आहे ते पाहण्यासाठी चालू एंजिनावर एकेक प्लगची तार काढण्याची कारागिरांची जुनी रीत याच कारणाने परिवर्तक असलेल्या गाडीत धोक्याची ठरते. बंद पडलेली गाडी ढकलून चालू करण्याचा वारंवार प्रयत्न करणेही याच कारणास्तव टाळावे लागते.

वंगण तेल : दट्ट्याच्या कड्या किंवा झडपदांड्यांवरील रबरी मोहोरा झिजल्यास वंगण तेल ज्वलनकक्षात जाऊन जळते. झीज रोखण्यासाठी तेलात जस्त व फॉस्फरस यांचे संयुग मिसळलेले असते. त्याच्या ज्वलनाने तयार होणारी फॉस्फेटे परिवर्तकाच्या पुढील भागावर काचेसारखा थर धरतात आणि फॉस्फरस सिरियमाशी संयोग पावून ऑक्सिजनाची साठवण कमी करतो. तेल ‘पिणारी’ गाडी वर्षानुवर्षे चालते, पण तिचा परिवर्तक हळूहळू मरतो. याच कारणाने अलीकडच्या एंजिन तेलांत फॉस्फरसाच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली आहे. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या द्विघाती एंजिनांत तर ही बाधा त्या एंजिनाच्या स्वभावातच असते.

शीतक : सिलिंडर-टोपीखालील गॅस्केट फुटल्यास शीतक द्रव ज्वलनकक्षात शिरतो. गंज रोखण्यासाठी त्यात घातलेली सिलिकेटे व फॉस्फेटे यांचा थर संवेदकावर आणि उत्प्रेरकावर बसतो. निष्कासातून सतत येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर हे या दोषाचे लक्षण आहे.

वापराची पद्धत : एंजिन थंड असताना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या एकदोन मिनिटांत परिवर्तक तापलेला नसतो व त्याच वेळी मिश्रण समृद्ध असते. म्हणून छोट्या प्रवासातील एकूण प्रदूषकांचा फार मोठा भाग या अल्प कालावधीत बाहेर पडतो. यावर उपाय म्हणून परिवर्तक एंजिनाच्या अगदी जवळ बसवितात आणि सुरुवातीला ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून निष्कास लवकर गरम करतात. हीच उशिराची ठिणगी दोषामुळे कायमची झाली, तर ती परिवर्तकाला अति तापविते. तापलेल्या परिवर्तकाने वाळलेले गवत पेट घेऊ शकते, म्हणून अशा गवतावर गाडी उभी करू नये.

डीझेल एंजिनांत नेहमीच हवा जास्त असल्याने त्रिमार्गी परिवर्तक निरुपयोगी ठरतो. तेथे ऑक्सिडीकरणाचा उत्प्रेरक, काजळी गाळणारा गाळक आणि यूरियाच्या विद्रावाने नायट्रोजनाची ऑक्साइडे नष्ट करणारा वेगळा उत्प्रेरक यांची मालिका वापरतात. गंधकाच्या बाबतीत ही मालिका पेट्रोल गाडीच्या परिवर्तकाहूनही अधिक नाजूक असते.

दोषनिदान व देखभाल : परिवर्तकाच्या पलीकडे दुसरा ऑक्सिजन संवेदक बसवून त्याच्या कार्यावर लक्ष ठेवता येते. साठवणक्षमता शाबूत असलेल्या परिवर्तकामागे या संवेदकाचा विद्युत् दाब जवळजवळ स्थिर राहतो. तो पुढील संवेदकाप्रमाणेच हेलकावू लागला, तर परिवर्तक निकामी झाला असे समजून चालकापुढील इशारा-दिवा लागतो. अशी अंतर्गत निदान यंत्रणा अमेरिकेत १९९६ च्या नमुन्यांपासून सक्तीची झाली आणि भारतातील चारचाकी गाड्यांना २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. हा दिवा उघडझाप करू लागल्यास परिवर्तकाला हानी पोहोचेल इतक्या ठिणग्या चुकत आहेत, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकरात लवकर दुरुस्तीस नेणे आवश्यक असते.

निकामी परिवर्तक बदलण्यापूर्वी तो का निकामी झाला ते शोधणे महत्त्वाचे आहे. तेल जाळणाऱ्या वा ठिणगी चुकणाऱ्या एंजिनाला नवा परिवर्तक जोडला, तर जुन्याला जे झाले तेच त्यालाही होते. वितळलेल्या किंवा फॉस्फेटांनी झाकलेल्या परिवर्तकाला टाकीत ओतावयाच्या कोणत्याही द्रवाने पूर्वस्थितीत आणता येत नाही. काही वेळा दुरुस्तीचा खर्च वाचविण्यासाठी आतील ठोकळा फोडून रिकामे कवच परत बसवितात. गाडी त्याने हलकी धावल्यासारखी वाटते, पण तिचे सर्व प्रदूषक वायू तसेच रस्त्यावर येतात. स्पार्क प्लग व हवा-गाळक वेळेवर बदलणे, निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे तेल वापरणे, तेल व शीतक यांची पातळी विनाकारण उतरत असल्यास कारण शोधणे आणि विश्वसनीय ठिकाणी इंधन भरणे, हीच परिवर्तकाची खरी देखभाल होय. निकामी परिवर्तकातील मौल्यवान धातू परत मिळविता येत असल्याने ते टाकून न देता पुनर्प्राप्तीसाठी पाठवितात.

भारतातील स्थिती : भारतातील पेट्रोलमध्ये १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांपर्यंत दर लिटरला ०·५६ ग्रॅमपर्यंत शिसे असे. १९९४ मध्ये चार महानगरांत ही मर्यादा ०·१५ ग्रॅमवर आणण्यात आली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे नोंदणी होणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना परिवर्तक सक्तीचा झाला आणि त्यासाठी तेथे ०·०१३ ग्रॅमच्या आत शिसे असलेले, म्हणजे व्यवहारात शिसेविरहित, पेट्रोल मिळू लागले. मात्र महानगराबाहेर पडलेल्या गाडीला ते पेट्रोल सर्वत्र मिळण्याची शाश्वती नव्हती. साधन आले, पण त्याला पोसणारे इंधन देशभर पोहोचले नव्हते. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली, तेव्हा ही विसंगती दूर झाली.

यानंतरचा प्रश्न गंधकाचा होता. पेट्रोलमधील गंधकाची कमाल मर्यादा ‘भारत स्टेज २’ मध्ये दर दशलक्ष भागांत ५००, ‘स्टेज ३’ मध्ये १५०, ‘स्टेज ४’ मध्ये ५० व ‘स्टेज ६’ मध्ये १० अशी उतरत गेली. स्टेज ४ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. मधला टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून स्टेज ६ चे इंधन व वाहने देशभर एकाच वेळी आणण्यात आली. दिल्लीत हे इंधन एप्रिल २०१८ मध्येच उपलब्ध झाले होते. इंधन व वाहन यांची मानके एकत्र ठरविणे का आवश्यक असते, हे १९९५ ते २००० या काळाच्या अनुभवाशी तुलना करता स्पष्ट होते. पेट्रोलमधील एथेनॉलाचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. नव्या गाड्यांची प्रदूषण चाचणी व प्रमाणन करणाऱ्या संस्थांत पुण्याची भारतीय मोटारगाडी संशोधन संघटना (स्थापना १९६६) ही एक प्रमुख आहे. वापरातील पेट्रोल गाड्यांची ठरावीक काळाने होणारी प्रदूषण तपासणी गाडी उभी ठेवून केली जाते व तीत नायट्रोजनाची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. यामुळे तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाडीचा परिवर्तक पूर्ण कार्यक्षम असेलच, असे म्हणता येत नाही.

मर्यादा : परिवर्तक तापमानवाढीस कारण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड कमी करीत नाही. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे अखेर त्याच वायूत रूपांतर होते. विक्रियांच्या ओघात अल्प प्रमाणात अमोनिया व नायट्रस ऑक्साइडही तयार होतात. या मर्यादा मान्य करूनही, सुस्थितीतील व तापलेला त्रिमार्गी परिवर्तक तिन्ही मुख्य प्रदूषकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग नष्ट करू शकतो. ही कार्यक्षमता परिवर्तकाबरोबर विकत मिळत असली, तरी ती टिकविण्याचे काम तेलशुद्धीकरण कारखाना, पेट्रोल पंप, कारागीर आणि गाडीचा मालक या सर्वांकडे वाटलेले असते.